चारनं सुरू होणारे बोर्ड

मी ज्यांचं वाटोळं केलं त्यांचं नाव दिगंबरभाऊ. वेळ — गेल्या वर्षीच्या पोळ्याची कर, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, सकाळचे सव्वाअकरा. शेगावातल्या आमच्या छोट्या कारखान्यात मालकांनी त्यांना त्या वेळी सांगितलं की उद्यापासून येऊ नका. मी चार पावलांवर उभी होते. पुढचं मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, संघटनेतही नाही — जिथं मी दुसऱ्यांच्या पापांवर तासतासभर बोलते.

मी डिप्लोमा केलेली, कारखान्यात प्रोग्राम लिहिणारी आणि रविवारी संघटनेची पत्रकं वाटणारी. आम्ही विहिरीवरच्या मोटारीचे ऑटो स्टार्टर बनवतो. डब्यात तळहाताएवढा बोर्ड असतो, बोर्डावर एक चिप. विहिरीचं पाणी संपलं की मोटार बंद कर, विजेच्या तीन फेजपैकी एक गेली की बंद कर, लाईट आली की थोडं थांबून चालू कर — एवढी अक्कल त्या चिपमध्ये भरावी लागते. दिगंबरभाऊ संग्रामपूरहून एसटीनं यायचे. बोर्डावर एकेक पार्ट सोल्डर करायचे, मग एकेका बोर्डाला केबल लावून प्रोग्राम चढवायचे आणि डोळे मिटून रिलेचा, म्हणजे मोटार चालू-बंद करणाऱ्या खटक्याचा, ‘टक्’ ऐकायचे. त्या आवाजावरून सांगायचे, हा चालते, हा नाही चालत. कधी चुकले? मी तरी पाहिलं नाही.

मग ते पत्रक आलं. एसटी स्टँडावर बायांसाठी धड मुतारी नाही, म्हणून मी लिहिलं, मीच टाईप केलं, मीच छापून आणलं. मथळा होता — ‘आम्ही आता गप्प बसणार नाही’. ओळीत मावत नव्हतं म्हणून मी अक्षर मोठं-बारीक करत बसले, आणि त्या खटाटोपात शेवटचा शब्द उडाला. पाचशे कागदांवर छापून आलं — ‘आम्ही आता गप्प बसणार’.

चहाच्या सुट्टीत दिगंबरभाऊंनी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. दोनदा.

“मंग बस न गप्प, पोरी. कोन नाही म्हनते तुले?”

सगळे हसले. मालक तर डोळे पुसत हसले. दिगंबरभाऊंनी खिशातून लाल पेन काढलं, कोपऱ्यात ‘नापास’ असा शेरा मारला आणि कागद पाण्याच्या पिंपावर चिकटवला. आठ दिवस तो तिथं होता. पाणी प्यायला गेलं की दिसायचा. पिंपावरून काढायला मला कुणी अडवलं होतं का? नाही. मी तो मुद्दाम ठेवला. रोज बघून राग ताजा करायचे.

खरं सांगू? आजही तो लाल शेरा आठवला की माझी कानशिलं तापतात.

त्याच महिन्यात मालकांनी मला नवं काम दिलं — प्रोग्राम चढवणं आणि तपासणं आपोआप व्हायला पाहिजे. मी एक चौकट बनवली. तिच्यात एका वेळी आठ बोर्ड बसायचे, खालून स्प्रिंगच्या सुया टेकायच्या, सगळ्यांत प्रोग्राम चढायचा, आणि मग एकेका कामाची छोटी चाचणी. आधी चालू होतो का बघायचं. पाणी संपल्याची खोटी खूण द्यायची, थांबतो का बघायचं. फेज तोडायची, थांबतो का बघायचं. निकाल पडद्यावर. पडद्यावर कोणता शब्द यावा हे माझ्या हातात होतं. ‘दोष’ लिहिता आलं असतं. मी लिहिलं ‘नापास’. लाल रंगात.

इथवर फार तर खोडसाळपणा होता. इथवरच राहिलं असतं तर मी हे लिहीत बसले असते का?

प्रोग्राम चढला की बोर्ड एकदा बंद पडून परत सुरू होतो. जागं व्हायला त्याला दोन सेकंदांच्या आसपास लागतात. म्हणून चौकटीला मी सांगितलं होतं — तीन सेकंद थांब, मग पहिली चाचणी घे. प्रत्येक कारागिराच्या बोर्डांचे नंबर वेगळे असतात, दिगंबरभाऊंचे चारनं सुरू व्हायचे. मी एक ओळ वाढवली. नंबर चारनं सुरू होत असेल तर दोनच सेकंद थांब.

एवढंच. एक ओळ. काही बोर्ड तेवढ्यात उठायचे, काही उठायच्या आतच नापास व्हायचे. सगळेच पाडले असते तर संशय आला असता — हे मला तेव्हा कळत होतं. म्हणजे रागाच्या भरात झालं असं म्हणायचीही सोय मी स्वतःला ठेवली नाही.

पहिल्या दिवशी पडदा लाल झाला तेव्हा मला फार गोड वाटलं. खोटं कशाला बोलू? दिगंबरभाऊ तेच बोर्ड परत सोल्डर करायचे, भिंगाखाली धरायचे. त्यांनी चष्म्याचा नंबर बदलून आणला. रिलेचा ‘टक्’ ऐकून ते म्हणायचे, हा तर चालते. पण पडदा म्हणायचा नापास, आणि हळूहळू ते पडद्याकडे आधी बघायला लागले, कान मागाहून लावायला लागले. मालक एकदा सगळ्यांदेखत म्हणाले, मशीनची काय तुयाशी दुश्मनी हाय का, दिगंबर? मी मान खाली घालून हसले.

एका दुपारी ते माझ्या टेबलापाशी आले. टोपी हातात.

“पोरी, तुया मशीनले इचार न. मायं काय चुकून राह्यलं?”

तेव्हा ती ओळ खोडायला मला दहा सेकंद पुरले असते. मी म्हटलं, “भाऊ, मशीन खोटं बोलत नाही.”

मी. जी पत्रकात लिहिते की माणसाचं ऐकून घ्या.

करीच्या दिवशी त्यांचं काम गेलं. त्याच दुपारी मी ती ओळ काढली आणि त्यांचे नापास पडलेले सगळे बोर्ड परत चौकटीत लावले. एकूण एक पास. ते डब्यांत गेले, विकले गेले, आज कुठल्या कुठल्या विहिरींवर मोटारी चालवताहेत. मालक म्हणाले, दिगंबर गेला अन् मशीन सुधारली. मी ‘हाव’ म्हटलं.

मागच्या महिन्यात पत्रकं वाटायला संग्रामपूरला गेले. दिगंबरभाऊ स्टँडावर भावाच्या भाजीच्या दुकानात बसलेले. वजनकाटा अडकला होता, आकडा हलत नव्हता. आत एखादी तार सुटली असेल, त्यांच्या हाताला दोन मिनिटांचं काम. त्यांनी काटा उलटासुद्धा केला नाही. भावाला म्हणाले, शेगावले दुरुस्तीले पाठव, मले नाही जमत आता ते. मग मला ओळखलं. माझ्या हातातलं पत्रक घेतलं, बोट फिरवत वरपासून खालपर्यंत वाचलं.

“बराबर हाय. एकबी चूक नाही.”

त्यात टोमणा नव्हता. तो असता तर मी आज गप्प बसले असते — त्या पहिल्या पत्रकात छापलं होतं तशी.

मला माफी नको. त्यांच्यापुढं उभं राहून हे सांगण्याची हिंमत मला झाली नाही, हेही लिहून ठेवते. आता तुमचं काम. हा कागद चहाच्या वेळी चार लोकांत मोठ्यानं वाचा. दोनदा. हसू आलं तर हसा. मग लाल पेन घ्या, कोपऱ्यात तो शेरा मारा, आणि संग्रामपूरच्या स्टँडावर, भाजीच्या दुकानासमोर, बसलेल्या माणसाला वाचता येईल इतक्या उंचीवर चिकटवा.