माणसं नसलेला सडा

आमच्या अक्का शाळेतून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच महिन्यात त्यांनी कॅमेरा घेतला. अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. त्यांनी लग्न केलं नाही. कोल्हापुरातल्या एका शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं चित्रकला शिकवली आणि राहिल्या आमच्याच घरी, वरच्या मजल्यावर. घरात त्यांचा शब्द शेवटचा. माझे यजमान, म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकावर आवाज चढवतात, पण जिन्यावर अक्कांची पावलं वाजली की टीव्हीचा आवाज आपोआप कमी करतात.

कॅमेरा आला तेव्हा आम्हाला वाटलं, आता नातेवाइकांचे, बारशांचे, मुंजीचे फोटो फुकटात होणार. यजमान तर शर्ट बदलूनच आले.

"बाजूला हो," अक्का म्हणाल्या. "मी माणसांचे फोटो काढणार न्हाय."

"मग कुणाचे काढणार?"

"डोंगराचे. आयुष्यभर एकेका वर्गात साठ-साठ तोंडं बघितलीत. आता मला तोंड नसलेलं कायतरी बघू दे."

अक्कांना गाडी चालवता येत नाही. यजमानांना रविवारी उठवता येत नाही. राहिले मी. मी चाळिशीनंतर गाडी शिकले होते आणि तोवर भाजी मंडईच्या पलीकडे फारशी नेली नव्हती. अशी मी डोंगरांच्या फोटोग्राफीत ड्रायव्हर म्हणून शिरले.

पहिल्यांदा पन्हाळ्याला गेलो. अक्कांनी तटावर तिकाटणं, म्हणजे कॅमेऱ्याचा ट्रायपॉड, मांडलं आणि कॅमेऱ्यातून बघितलं, तर समोर कणसं खाणाऱ्यांची रांग. पुढच्या खेपेला मसाई पठारावर गेलो. तिथं एका लग्नाळू जोडप्याचं शूटिंग चाललेलं. गुलाबी धूर सोडलेला, नवरीचा पायघोळ झगा दोघंजण धरून पळत होते, आणि धूर वाऱ्यानं नेमका आमच्या दिशेला येत होता. अक्का खोकत-खोकत गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, "अजून आत चल. जिथं कुणी येत न्हाय तिथं."

मग आम्ही आत जायला लागलो. बाजारभोगावच्या पुढं ऊस संपतो, रस्ता अरुंद होतो, आणि मोबाईलची रेंज एका वळणावर जी जाते ती परतताना त्याच वळणावर भेटते. त्या रस्त्यांवर मला एक गंमत कळली. घरात अक्का हुकूम सोडतात, पण घाटात दाराच्या वरची मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरून बसतात. "हळू गं बाई," असं त्यांनी मला पहिल्यांदा म्हटलं तेव्हा, काय सांगू, मला बरं वाटलं. मी हळू केली. लगेच नाही, पण केली.

त्या भागातला सडा आम्हाला असाच हिंडता-हिंडता सापडला. जांभ्या दगडाचं पठार, काळपट, खडबडीत, मैलभर एकही झाड नाही. ऑक्टोबर संपत आला होता. गवत तांबूस झालं होतं आणि दगडातल्या खळग्यांतून पावसाचं पाणी अजून साचलेलं होतं. प्रत्येक खळग्यात आभाळाचा एकेक तुकडा. वारा इतका की माझी ओढणी मी शेवटी कमरेला बांधली. पलीकडच्या उतारावर धनगरवाड्याची चार-पाच घरं होती. अक्कांनी ती बघितली आणि कॅमेरा दुसऱ्या बाजूला फिरवला.

सकाळपासून त्या खळग्यांचे फोटो काढत राहिल्या. पोटावर झोपून, गुडघ्यावर बसून, गुडघ्यांना शिव्या देत. मी गाडीच्या सावलीला बसून पुस्तक वाचलं, थोडी झोपले. दुपार कलली. अक्कांना आता एकच फोटो हवा होता: मावळतीच्या उन्हात पेटलेला मोकळा सडा, कडेपर्यंत. त्यांनी जागा नक्की केली, तिकाटणं रोवलं, पायाशी दगड ठेवून पक्कं केलं आणि वाट बघत उभ्या राहिल्या.

डबा गाडीत होता. दशम्या, मुगाची उसळ आणि शेंगाची चटणी. अक्का दिवस मावळायच्या आत जेवतात. मावळल्यावर पाणीसुद्धा नाही. हा आमच्या जैनांच्या घरातला नेम आहे. मी तो जमेल तसा पाळते, अक्का मात्र जमो न जमो पाळतात. "आत्ताच खाऊन घ्या," मी म्हटलं. "थांब गं, ऊन आत्ता कुठं उतरतंय," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात वाड्याकडून एक म्हातारी आली. नऊवारी गुडघ्याच्या वर खोचलेली, हातात काठी. ती आमच्यापाशी न थांबता आधी तिकाटण्याभोवती एक फेरी मारून आली.

"कुठलं पावणं म्हणायचं?"

"कोल्हापूरचं," मी म्हटलं.

"मोजणीला आलाय न्हवं?"

"न्हाय ओ मावशी. फोटो काढायला आलोय."

"कुणाचा?"

"ह्या सड्याचा."

"सड्याचा फोटू कशाला? लगीन ठरवाय लागलाय काय त्याचं?"

मला हसू आलं, पण तिच्या तोंडावर हसू नव्हतं. मागं एकदा काही माणसं असंच तिकाटणं घेऊन आली होती म्हणे. वर दुर्बीण लावून दिवसभर बघत होती, एका दगडावर तांबडी खूण करून गेली, आणि वाड्यातल्या कुणाशी चकार शब्द बोलली नाहीत. तेव्हापासून कुणी म्हणतं खाण होणार, कुणी म्हणतं हॉटेल होणार. "आमास्नी कोण सांगतंय?" ती म्हणाली. "तांबडी खूण तेवढी ठेवून गेली."

एवढं बोलून ती सरळ पुढं गेली आणि अक्कांच्या कॅमेऱ्यासमोर, बरोब्बर मधोमध, एका दगडावर बसली. काठी आडवी मांडीवर.

ऊन आता खरंच उतरत होतं. गवताच्या टोकांना रंग चढायला लागला होता.

"मावशी, जरा बाजूला व्हा की," अक्का म्हणाल्या.

"न्हाय व्हत."

"अहो, ऊन चाललंय."

"जाऊ दे की. उद्या परत येतंय."

अक्कांचा आवाज चढला. "मी एवढ्या लांबनं आलोय!"

"मी हितंच हाय. तुला कोण ये म्हणालं?"

अक्कांना असं उत्तर गेल्या कित्येक वर्षांत कुणी दिलं नव्हतं. मला धाकधूक वाटायला लागली. वाड्यावरून आणखी दोन माणसं आमच्याकडे येताना दिसत होती. आणि त्या दोघी, एक दगडावर बसलेली आणि एक तिकाटण्यामागं उभी, एकमेकींवर अशा ओरडत होत्या की दोन शेतांच्या बांधावरून भांडण लागलंय असं वाटावं. वाऱ्यामुळं ओरडावंच लागत होतं, हेही खरं.

मी अक्कांना म्हटलं, "सकाळचे फोटो दाखवा की त्यांना."

अक्कांनी नाखुशीनंच कॅमेरा तिकाटण्यावरून काढला आणि म्हातारीपाशी नेला. ती पडद्याकडे बघत राहिली. जवळ धरला, लांब धरला.

"हे कुठलं?"

"हितलंच. सकाळी काढलंय."

"आमचा सडा?" तिनं विचारलं. मग तिचं बोट पडद्यावर टेकलं. "व्हय की. हितं आमची भुरी म्हस पाणी पिती. ही त्या अंगाची शिळा." मग आणखी फोटो. आणखी. आता येणारी दोन माणसंही पोचली होती. तिचा मुलगा आणि सून. सगळे कॅमेऱ्यावर वाकले. सुनेनं "केवढं भारी" असं म्हटलंसुद्धा. अक्का जरा फुलल्या.

"आणि आमची घरं कुठं हायत ह्यात?" म्हातारीनं विचारलं.

"घरं न्हाई घेतली."

"म्हसरं?"

"ती पण न्हाईत."

"का?"

"मला मोकळा सडा पायजे होता."

म्हातारीनं कॅमेरा परत दिला. "असा फोटू साहेबानं बघितला तर म्हणंल, हितं कोण ऱ्हातच न्हाय. घ्या खणून."

"माझा फोटो कुठला साहेब बघतोय? माझा भाऊसुद्धा बघत न्हाय!" अक्का म्हणाल्या. ते खरंच होतं. मुलगा हसला, सून हसली, आणि मग म्हातारीही हसली. पण दगडावरून उठली नाही.

सूर्य कड्याला टेकला. अख्खा सडा तांबडा झाला. खळग्यांतलं पाणी पितळेच्या ताटासारखं चमकायला लागलं. अक्कांनी एकदा सूर्याकडे बघितलं, एकदा म्हातारीकडे. मग "बस मग तशीच!" असं ओरडून त्या कॅमेऱ्याकडे पळाल्या. पळाल्या म्हणजे त्या वयात जेवढं पळता येतं तेवढ्या. आणि काढत सुटल्या.

म्हातारीनं पदर नीट केला, काठी उभी धरली आणि सरकारी कचेरीत बसावं तशी ताठ बसली.

ऊन गेलं. अक्कांनी कॅमेरा खाली घेतला, माझ्याकडे वळल्या आणि त्यांचा चेहराच पडला. "डबा," त्या म्हणाल्या. तसाच गाडीत होता.

आम्ही आवरून निघणार, तर सून तांब्यातून गरम दूध घेऊन आली. अक्कांनी हात जोडले. "दिवस मावळला. आता मला चालत न्हाय."

"दूध बी?" म्हातारीनं विचारलं.

"पाणी बी."

"मग सकाळपातूर उपाशी?"

"व्हय."

"बाई गं," म्हातारी म्हणाली. "आमच्यात एकादशीला बी साबुदाणा असतोय." आणि तिनं तांब्या माझ्यापुढं धरला. "तू तरी घे." अक्का पाठमोऱ्या होऊन तिकाटण्याचा पाय दुमडत बसल्या. तो पाय दुमडायला एवढा वेळ कधीच लागत नाही. मी दूध प्याले. धुराचा वास असलेलं, दाट, साखर न घालताही गोड. इतकं चांगलं दूध मी त्यानंतर प्यालेली नाही.

परतताना घाटात अक्का पुन्हा मूठ धरून बसल्या. कोल्हापूरचे दिवे दिसायला लागल्यावर म्हणाल्या, "त्या बाईनं माझा फोटो घालवला." घरी गेल्यावर यजमानांना त्यांनी तो मोठ्या पडद्यावर दाखवला. लांबवर पसरलेला तांबडा सडा आणि मधोमध ती. यजमान पहिल्यांदाच उठून जवळ गेले. "ही कोण?" त्यांनी विचारलं.

"कोण की. भांडखोर बाई हाय एक," अक्का म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी तो फोटो मोठा छापायला त्यांनी मलाच पाठवलं.

दिवाळीनंतर आम्ही तो घेऊन गेलो. म्हातारीनं तो भिंतीला टेकवून ठेवला, मागं सरकून बघितला आणि निकाल दिला. "सडा चांगला आलाय. मी लईच बारकी दिसतोय. आता जवळनं काढ." अक्कांनी तोंड उघडलं, पण तोवर सून लुगडं बदलून आलीच होती. शेजारच्या घरातला म्हातारा फेटा बांधून आला. कुणाला बँकेसाठी पासपोर्ट फोटो हवा होता, कारण त्यासाठी गाडी मिळवून बाजाराच्या गावाला जायला अख्खा दिवस मोडतो. मग गोठ्याच्या भिंतीवर पांढरं धोतर टाचलं आणि अक्कांनी एकेकाला त्याच्यापुढं बसवलं. "मान सरळ. हनुवटी खाली. हसू नका, बँकेला हसलेलं चालत न्हाय." वर्गात असायचा तोच आवाज. सगळी मंडळी शाळेतल्यासारखी गुमान बसत होती. मला त्या आवाजाची घरात भीती वाटायची, तिथं मात्र हसू दाबता येईना.

त्यानंतर आम्ही तिथं जात राहिलो. अक्का अजूनही मोकळ्या सड्याचे फोटो काढतात. त्यात घरं नसतात, म्हसरं नसतात. म्हातारी प्रत्येक फोटो बघते आणि प्रत्येकावर भांडते. तांबडी खूण दगडावर आहे. मोजणीवाले परत आलेले नाहीत, पण ते येणार नाहीत असंही कुणी छातीठोकपणे सांगत नाही. वाड्यावरच्या पोरांनी त्या खुणेवर कोळशानं दोन शिंगं आणि शेपूट काढलंय. रेड्यासारखं दिसतं. अक्कांना ते आवडलं. चित्रकलेच्या बाईंनी पास केलं.

गेल्या रविवारी गेलो तर सगळीकडे धुकं. दहा वाजले तरी समोरचं दिसेना. अक्का तिकाटण्याशेजारी उभ्या, आणि त्यांच्या शेजारी घोंगडं डोक्यावरून घेतलेली म्हातारी.

"आज काय उघडत न्हाय," म्हातारी म्हणाली. "घरात चला. चुलीवर भाकरी हाय."

"उघडंल. थांबा की जरा."

"मी जल्मभर बघतोय."

"मग आणि थोडं बघा."

मी गाडीची काच वर केली, सीट मागं टाकली आणि डोळे मिटले. बाहेर त्यांचं चालूच होतं.