नाव, नंबर, कारण

किस्से काय कोणी बनवत नसतं रे. ते साचत्यात. मी मिलिटरी कॉलेजात शिपाई होतो तव्हा सकाळी व्हरांडा लख्ख झाडावा, आन दुपारी परत तेवढीच धूळ. तसंच हाय हे. आता त्या जागेवर फ्लॅट उभे राहिलेत, साहेब लोक पांगले, म्हणून मोकळं बोलतो. कोणी कोर्टात खेचलंच तर सांगेन, मला कुठं लिहिता-वाचता येतं!

*

एकदा वरून हुकूम आला का पोरांच्या मनाची पण काळजी घ्यायची. पायाची घेतच होते. फोड आला का आयोडीन. मनाला काय लावायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मग बँडचे ढोल ठेवायची खोली रिकामी केली, दोन सोफे टाकले, भिंतीवर धबधब्याचा फोटो लावला आन दारावर पाटी ठोकली. समुपदेशन कक्ष! हा शब्द माझ्या तोंडात आजपण बसत नाय. मी ढोलखोलीच म्हणायचो. दाराशी स्टूल टाकून मला बसवला.

मॅडम आल्या स्कूटीवरून. गरीब बाई, गोड बोलायची. मला म्हणली, "मामा, इथं कोणीही यावं, मन मोकळं करावं. घाबरायचं कारण नाही."

मागं सुभेदार उभा. फौजेतनं रिटायर होऊन आमच्याकडं ड्रिल शिकवायचा. पोरं त्याला उस्ताद म्हणायची. तो म्हणला, "मॅडम, कॉलेजात कुठल्या पण खोलीत जायचं तर कॅडेटनं दाराशी उभं राहून नाव, नंबर, कारण बोलायचं. जोर से. इथं पण तेच. रूल मतलब रूल."

"अहो, पण इथं कारण खासगी असणार!"

"हां, तर खासगी बोलायचं. जोर से!"

पहिला आला शिंदे. गोरागोमटा, मालेगावकडचा. दाराशी टाचा जुळवल्या आन बोंबलला, "कॅडेट शिंदे! नंबर अमुक! आईची आठवण येते! आत यायची परवानगी मागतो, सर!"

समोरच परेड ग्राउंड. सगळ्या कॉलेजनं ऐकलं. त्या दिवसापासून मेसमध्ये पोरं त्याला भाजी वाढताना विचारायची, "बाळ, अजून वाढू?"

पुढं महिनाभर दाराशी चिटपाखरू नाय. मॅडमनी मोठ्या साहेबांना सांगितलं, "सर, कोणीच येत नाही."

साहेब खूश! "म्हणजे कोणालाच प्रॉब्लेम नाही. व्हेरी गुड!"

*

मला बसून बसून कंटाळा आला. मग मी बातमी सोडली का आत फॅन लय जोरात हाय आन सोफा मऊ हाय. दुसऱ्या दिवशी दुपारी लाईन लागली! "मन अस्वस्थ, सर!" "मन लय अस्वस्थ, सर!" मॅडम बिचाऱ्या विचारायच्या, काय होतंय बाळ? तवर पोरगं घोरायला लागायचं.

सुभेदाराला वास लागला. तरातरा आला, पोरं हाकलली, आन "मी बघतो काय चाललंय ते" म्हणून स्वतः सोफ्यावर बसला. चहाच्या टायमाला मी दार उघडलं तर उस्ताद आडवा! तोंड उघडं, बूट बाहेर.

"उस्ताद, मन अस्वस्थ का?"

ताडकन उठला. "चेकिंग करत होतो!"

*

आता भोयेचं सांगतो. सुरगाण्याकडचा, डोंगरातला. अंगानं काटकुळा, पण पळायला हरणासारखा. त्याला सोडायला अख्खा पाडा जीपला लटकून आला होता. बाप माझा हात धरून म्हणला, "मामा, याला साहेब होऊ द्या." म्हणजे जसं काय माझ्याच हातात होतं! वर्षाच्या शेवटाला साहेब लोक बोर्डाला बसायचे आन प्रत्येक पोराची पर्सनॅलिटी मोजायचे. कमी भरली का ट्रंक उचलायची आन घरी.

भोये आल्यावर महिन्याभरातच परेडमध्ये मोकाट बैल घुसला. मोठे साहेब सलामी घेत उभे. सुभेदारानं शिट्टी मारली, छडी उगारली. बैल ढिम्म. उलटा सुभेदारावरच डोकं खाली घालून आला! तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून भोयेनं हाळी दिली. अरे काय आवाज! डोंगरावरनं पलीकडच्या डोंगरावर जातो तसला. बैल जागेवर थांबला, वळला आन गुपचूप गेटातून बाहेर गेला.

मी टाळ्या वाजवल्या. मोठे साहेब म्हणले, "रांगेत कोण ओरडला?"

भोयेला पाठीवर पिठ्ठू, म्हणजे फौजी वजनाची पिशवी, घेऊन ग्राउंडला चकरा. सुभेदार सोबत पळत होता, सांगत होता, "आवाज खाली! आवाज खाली!"

*

पुण्याहून एक टायवाला आला, पर्सनॅलिटी शिकवायला. म्हणला, "समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोला. तोच खरा कॉन्फिडन्स!" दुसऱ्या सकाळी सगळी पोरं सुभेदाराच्या डोळ्यांत डोळे घालून उभी. ड्रिलचा रूल काय? नजर साहेबाच्या डोक्यावरनं, समोर! सुभेदार भडकला. "मला डोळे दाखवता?" सगळी पलटण उन्हात कोंबडा!

भोये कोंबडा झाल्या झाल्या मला विचारतो, "मामा, मग डोळे ठेवायचे तरी कुठं?"

मी म्हटलं, "खिशात."

*

टायवाल्यानंच काट्या-चमच्यानं जेवायला शिकवलं. बाजरीची भाकरी काट्यानं! भाकरी उडून पलीकडच्या टेबलावर जायची. त्याच आठवड्यात दिल्लीचे कोणी बडे साहेब आले. त्यांनी काटा बाजूला सारला, भाकरी चुरली, ठेचा घेतला आन हातानं हाणलं. शिंदेनं हळूच आपला काटा खाली ठेवला.

सुभेदार त्याच्या कानात म्हणला, "काटा उचल."

"उस्ताद, साहेब पण हातानंच..."

"साहेबांना रँक हाय. तुला काटा हाय."

*

मग द्राक्षाच्या सीझनमध्ये भोयेचा बाप गेला. दिंडोरीकडं बागेत मजुरीला आला होता, तिथंच. निरोप आला तो पण माती होऊन गेल्यावर. सुट्टी मागितली तर म्हणले, परीक्षा हाय, आता जाऊन काय करणार? बरोबरच होतं म्हणा त्यांचं. मेलेला माणूस काय वाट बघतो का!

पोरगं रडलं नाय. बॅरेकीत वीस जण, रडणार कुठं? पण आवाज गेला त्याचा. हजेरीला "यस सर" म्हणायचा ते शेजारच्याला ऐकू यायचं नाय.

मॅडमनी मला सांगितलं, "मामा, बोर्डात मी त्याची बाजू मांडेन. पण त्यानं एकदा माझ्याशी बोलायला हवं. पाठवा त्याला."

मी पाठवला. रोज यायचा. दाराशी उभा राहायचा, टाचा जुळवायचा, तोंड उघडायचा. ग्राउंडवर सुभेदार कमरेवर हात ठेवून बघत असायचा. भोये तोंड मिटायचा आन जायचा. एकदा मॅडम स्वतः दाराशी आल्या, "अरे, ये ना आत!" तर सुभेदार तिकडनं गरजला, "कारण!" पोरगं पळालं.

मग मी डोकं लावलं. त्याला दाराशी उभा केला, मी दाराच्या आड लपलो आन त्याच्या वतीनं बोंबललो, "कॅडेट भोये! पोटात दुखतंय! आत यायची परवानगी मागतो, सर!"

सुभेदार चालत आला. भोयेकडं बघितलं, दाराआड बघितलं. म्हणला, "याच्या पोटात दुखतंय आन तोंड तुमचं चालतंय?"

माझं स्टूल तीन दिवस संडासापाशी. पण तिथं गिऱ्हाईक लय होतं! आन कोणी कारण विचारत नव्हतं.

*

बोर्डाच्या आधीच मॅडमला नारळ दिला. खोलीचा उपयोग होत नाय म्हणले. सोफे साहेबांच्या बंगल्यावर गेले, ढोल परत आले. धबधबा तेवढा राहिला, त्याच्याखाली ढोल.

बोर्डाला चहा मीच नेला. मोठे साहेब भोयेचं नाव काढून म्हणत होते, "मुलगा धावतो चांगला. पण आवाजात जोर नाही. हा काय हुकूम देणार?"

मी म्हटलं, "साहेब, त्या बैलाला विचारा."

"मामा, कप ठेवा आणि जा."

*

आन हा शेवटचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोये साध्या कपड्यात, डोक्यावर ट्रंक. गेटाकडं निघाला होता. मधेच वळला आन ढोलखोलीपाशी आला. ट्रंक खाली ठेवली. मी ढोलांच्या राखणीला अजून स्टुलावरच, दाराला कुलूप. त्यानं टाचा जुळवल्या, नजर माझ्या डोक्यावरनं, समोर.

"कॅडेट भोये! बाप वारला! रडायचं हाय! आत यायची परवानगी मागतो, सर!"

तीच हाळी. ग्राउंडवरची पलटण कोणी न सांगता थांबली. मोठ्या साहेबांच्या ऑफिसची खिडकी उघडली.

मी उठलो. कुलूप काढलं. "परवानगी हाय," म्हटलं.

तो आत गेला, ढोलांच्या मधी. मी दार ओढून घेतलं आन दारासमोर स्टूल टाकून वाट अडवून बसलो.

सुभेदार ग्राउंड तुडवत आला. "मामा, बाजूला व्हा. त्याची एस्टी जाईल. मला आत जाऊ द्या."

मी बसल्या जागेवरून म्हटलं, "उस्ताद, नाव, नंबर, कारण. जोर से."

सगळी पलटण बघत होती. सुभेदारानं टोपी काढून काखेत धरली. टाचा जुळवल्या. तोंड उघडलं.

आवाज फुटंना.