गाडी गरम होई ऱ्हायनी

गाडी खोलून परत जोडली की दोन-तीन नट हातात उरतातच! कुठले, ते कुणाला सांगता येत नाही, आणि गाडी तरीही चालते. सुरतेतल्या आमच्या नवागामच्या गल्लीतले किस्सेही असेच उरलेत. सुकलाल अण्णांच्या ओट्यावर बसलो की एकेक निघतो. पूर्वी पोट धरून हसायचो. आता इंदूवहिनी नाहीत, त्यामुळे हसता हसता कुणीतरी उठून उगाच पाणी प्यायला जातं.

आधी माणसं सांगतो. अण्णा आणि मी धुळ्याकडचे, गजू बुलढाण्याचा. तिघेही जवळच कडोदऱ्याला एकाच कापड कारखान्यात लूमवर मेकॅनिक. अण्णांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, किडन्या गेल्या आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. येताना रिक्षाचे धक्के त्यांना सोसवेनात. म्हणून अण्णांनी एक थर्ड हँड कार घेतली. कारमध्ये दोष एकच, ती गरम व्हायची! अर्ध्या वाटेत काटा लाल पट्टीवर आणि बॉनेटमधून वाफ.

गॅरेजवाला म्हणाला, "चार दिवस ठेवून जा."

चार दिवसांत एक डायलिसिस चुकलं असतं. अण्णा म्हणाले, "आपण तीन मेकॅनिक काय मेलो का? घरीच करू."

तिथून सगळं सुरू झालं.

*

पहिल्या रविवारी गजूने पुढाकार घेतला. त्याने मोबाइलवर व्हिडिओ बघितले होते, पण अर्धेच. गाडी नुकतीच दवाखान्यातून आली होती. मी म्हटलं, "थांब, थंड होऊ दे." तोवर पठ्ठ्याने रेडिएटरचं झाकण फिरवलं! उकळतं पाणी फवाऱ्यासारखं उडालं आणि त्याचं मनगट भाजलं.

वहिनी दवाखान्यातून आलेल्या, धड उभं राहवत नव्हतं. तरी भिंतीला धरून बाहेर आल्या, त्याचा हात बादलीत घातला आणि विचारलं, "गजूभाऊ, घरमा कुकर बी असाच उघडतस का?"

गजू म्हणतो, त्या दिवसापासून त्याची बायको त्याला कुकरजवळ जाऊ देत नाही!

*

झाकणाचं रबर गेलं होतं. नवीन झाकण बसवलं, पण काटा काही ऐकेना. मग संशय थर्मोस्टॅटवर. इंजिन तापलं की हा उघडतो आणि पाणी पुढे सोडतो. उघडतो की नाही, हे घरी तपासायची सोपी रीत आहे, गरम पाण्यात टाकून बघायचं. मी तो काढला आणि वहिनींच्या चहाच्या पातेल्यात उकळायला ठेवला. तिघेही गॅसभोवती वाकून बघतोय. उघडला! म्हणजे तो ठणठणीत होता.

मागून वहिनी म्हणाल्या, "माले डॉक्टरनी चहा बंद कया, अन तुम्ही लोखंडना चहा करतस!"

*

पाण्यावरून आठवलं. डायलिसिसच्या पेशंटला पाणी मोजून. वहिनींना दिवसभरात किती, ते अण्णांनी एका ग्लासावर खूण करून ठेवलं होतं. आणि गाडीत मात्र रेडिएटरसाठी पाच-सहा बाटल्या कायम भरलेल्या. त्या भरायच्या वहिनीच.

एकदा भर उन्हात गाडी बंद पडली. थंड व्हायची वाट बघितली, मग अण्णा रेडिएटरमध्ये बाटली रिकामी करायला लागले. वहिनी मागच्या सीटवरून बघत होत्या. त्यांचे ओठ सुकले होते.

"गाडीले बाटलीभर पाणी," त्या हसत म्हणाल्या, "अन माले फक्त घोटभर! कोन लाडकी शे, समजनं माले."

गजूने त्या दिवशी घरी पोहोचेपर्यंत पाणी प्यायलं नाही. मीही नाही. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

*

आता आमच्या अब्रूचा किस्सा. रेडिएटर धुतला, पाण्याचे होज पाइप बदलले, तरी गाडी गरमच. मी विचारलं, "रेडिएटरचा पंखा चालतोय ना?"

अण्णांनी कान लावला. "चालू शे. आवाज ई ऱ्हायना."

गजूने कान लावला. "मस्त चालू आहे बापा!"

मीही ऐकला. छान घरघर येत होती.

असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी वहिनी ओट्यावर येऊन बसल्या, जरा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "पंखा बंद शे."

आम्ही तिघे हसलो. त्यांनी काठी घेतली आणि पंख्याकडे दाखवलं. आम्ही वाकून बघितलं, तर पाती जागच्या जागी उभी!

वीस-वीस वर्षं लूमवर काढलेली माणसं आम्ही. आमच्या कानात घरघर चोवीस तास चालूच असते. प्रत्येकाने स्वतःच्याच कानातला कारखाना ऐकला होता.

पंख्याची वायर जळाली होती. पाऊण तासात काम संपलं.

*

वायर जळालेली होती तोपर्यंत रस्त्यात एकच उपाय असायचा. काटा चढला की गाडीचा हिटर फुल करायचा, इंजिनची गरमी आत ओढली जाते. मे महिन्यात सुरतेत हिटर! गजू पुढे आणि मी मागे, नुसते निथळायचो. गाडी ढकलायला लागेल म्हणून आम्ही बरोबर असायचो.

वहिनी मात्र डायलिसिस झालं की थंडीने कापायच्या, दात वाजायचे. शाल घ्यायच्या नाहीत. म्हणायच्या, शाल घेतली की बाई आजारी दिसते. हिटर लागला की पाच मिनिटांत त्यांची मान माझ्या खांद्यावर यायची आणि झोप लागायची.

पंखा दुरुस्त झाला, त्यानंतरच्या पहिल्याच फेरीत येताना अण्णांनी हिटर लावला.

वहिनींनी विचारलं, "गाडी आजून सुधरनी नही का?"

"नही ना. गरम होई ऱ्हायनी," अण्णा म्हणाले.

मी मागून काट्याकडे बघितलं. काटा मधोमध होता. वायर मी माझ्या हाताने बसवली होती. आरशात अण्णा माझ्याकडे बघत होते.

"थोडं काम बाकी आहे, वहिनी," मी म्हटलं.

"तुमले काहीच येत नही, भाऊ!" त्या म्हणाल्या आणि झोपल्या.

ते थोडं काम आम्ही पुढे वर्षभर बाकीच ठेवलं. माझ्या कारागिरीला एवढी नावं कुणी ठेवली नसतील, आणि मला ती अजून हवी होती.

*

वहिनींच्या दहाव्याला गावी निघालो. पुन्हा मेच. अण्णा चालवत होते, गजू त्यांच्या शेजारी, मागे मी एकटा. कडोदरा मागे पडलं तसं अण्णांचा हात गेला आणि त्यांनी हिटर फुल केला.

थोड्या वेळाने गजू घाम पुसत म्हणाला, "अण्णा, हिटर चालू आहे जी."

"गाडी गरम होई ऱ्हायनी," अण्णा म्हणाले.

गजूने वाकून काटा बघितला. मग सरळ बसला आणि आपल्या बाजूची काच वर केली.