लागलं की हो म्हणा

"शून्यातून काय वजा करणार?" सर म्हणाले.

हे माझ्या आईबद्दल होतं. हॉस्पिटलमधल्या तपासणीच्या खोलीत आई समोरच बसली होती. तिच्या पुढ्यात एक कागद होता आणि त्यावर तिने गोल काढला होता. घड्याळ काढा, त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा, असं तिला सांगितलं होतं. आईने पेन मुठीत धरलं, गोल काढला, आत कडेकडेने ठिपके दिले आणि थांबली. काटे काढलेच नाहीत.

"काकूंनी पोळी भाजली," ईशा म्हणाली. ईशा सरांकडे पीएच.डी. करते. खोलीतले सगळे हसले. आईसुद्धा हसली. तिला वाटलं, जमलं.

मी तिची पिशवी आणि चपला घेऊन भिंतीशी उभी होते. सर माझ्याकडे वळून समजावून सांगायला लागले. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं. म्हणाले, आजाराने मेंदूचं किती नुकसान झालं ते आपल्याला मोजायचंय, पण त्यासाठी आधी काहीतरी असावं लागतं ना. अशा पेशंटचं गेलं काय आणि राहिलं काय, कळणार कसं.

मी म्हणाले, "हो सर."

आई चौथी शिकलेली आहे. तिला घड्याळ येतं. मला घड्याळ तिनेच शिकवलं, ओट्यावर बसून, ताटलीत चवळीचे दाणे मांडून. हे मला तिथे उभी असताना आठवत होतं. तरी मी हो सर म्हणाले.

घरी जाताना मी तिला विचारलं, काटे का नाही काढलेस. ती म्हणाली, "गोल काढला तवर ध्यानात व्हतं. मंग गेलं."

आमची मखमलाबादच्या बाजूला थोडी जमीन आहे. शेवंती, झेंडू, थोडा मोगरा. माल गंगेवरच्या, म्हणजे आमच्याकडच्या नदीकाठच्या, फुलबाजारात जातो. आई तिथे बसून गजरे करायची. दोऱ्याचा फास पायाच्या अंगठ्यात अडकवायचा, दोरा ताणून धरायचा आणि दोन्ही हातांनी कळ्या गुंफत जायचं. ती हातांकडे बघायचीच नाही. गिऱ्हाइकाशी बोलत, शेजारणीची थट्टा करत तिचं काम चालायचं. लग्नसराईत कोणाकडे किती हार, कोणाला गुलाब चालत नाही, कोणत्या नवरीला मोगऱ्याने शिंका येतात, सगळं तिच्या डोक्यात असायचं.

मग तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो झाली. गाठ गेली. सगळे म्हणाले, सुटलात. पण त्यानंतर आईचे पाय आईचे राहिले नाहीत. कापसावर चालल्यासारखं वाटतं, म्हणायची. अंगठ्यातला दोरा निसटायचा, तिला कळायचं नाही, आणि अर्धा झालेला गजरा मांडीवर सुटून पडायचा. विसरायलाही लागली. गिऱ्हाईक समोर उभं असताना मला विचारायची, "ह्यांना काय पायजे व्हतं गं?" एकदा घरी यायची बस कुठून सुटते तेच तिला आठवेना. वडील म्हणाले, वय झालं. तिचं वय त्रेचाळीस.

मी टी.वाय. बी.एस्सी.ला आहे, प्राणिशास्त्र. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. चेतासंस्थेचा धडा माझा सगळ्यात आवडता. आमच्या एका मॅडमनी सांगितलं की गंगापूर रोडच्या एका हॉस्पिटलमध्ये संशोधन चाललंय, कॅन्सर आणि त्याची औषधं मेंदूवर आणि नसांवर काय परिणाम करतात यावर. मला वाटलं, हे तर आमच्या घरातलं. कोणीतरी हे शोधतंय, म्हणजे आईला होतंय ते खरं आहे, वयाचं नाही. मी आईचं नाव दिलं. सरांना पेशंटशी मराठीत बोलायला मुलगी हवी होती, म्हणून त्यांनी मलाही घेतलं. काम संपलं की ते एम.एस्सी.साठी शिफारसपत्र देणार होते.

अशी मी दोन्हीकडून अडकले. आईची तपासणी त्यांच्या हातात. माझं पत्र त्यांच्या हातात. घरी आई म्हणायची, "साहेबांना दुखवू नको." कॉलेजात मॅडम म्हणायच्या, अशी संधी परत येत नाही. मी रोज पांढरा कोट घालून जायचे. तो कोट मला दोन मापं मोठा होता. तिथे मला नावाने कोणी हाक मारली नाही. "फुलवाली, येताना चाफा आण गं," ईशा म्हणायची. मी न्यायचे.

माझं काम म्हणजे बायकांना आत आणायचं, पंख्याखाली बसवायचं आणि संमतीपत्रक वाचून दाखवायचं. त्यात एक वाक्य होतं: आपण कधीही, कारण न देता, या अभ्यासातून बाहेर पडू शकता. मी ते चांदवडच्या बाईला वाचून दाखवलं, हरसूलच्या आजीला दाखवलं. सगळ्या मान डोलवायच्या. बाहेर कोणीच पडलं नाही.

घड्याळानंतर पायांची तपासणी होती. नायलॉनचा एक बारीक दोरा असतो. पेशंटने डोळे मिटायचे, तो दोरा तळव्याला टेकवायचा, आणि लागलं की पेशंटने हो म्हणायचं. नसा सुन्न झाल्या आहेत का ते यावरून कळतं. ईशा खाली वाकली. आईने पाय मागे ओढला. ईशाने तो धरून पुढे घेतला. आईने डोळे मिटलेलेच होते, पण हात पुढे करून तिने ईशाच्या खांद्याला लावला आणि मग आपल्या कपाळाला लावला.

"लागलं की हो म्हणा, काकू."

"हो."

दोरा अजून हवेत होता.

"हो," आई परत म्हणाली. "हो. हो."

ईशाला घाई होती. तिने लिहिलं, संवेदना नॉर्मल.

घरी मी आईला विचारलं, खरंच लागत होतं का. ती चुलीकडे तोंड करून बसली होती. म्हणाली, "एवढी शिकलेली पोर माझ्या पायाला हात लावती. पाप नाय का ते? वर तिला नाय म्हणू?"

मला इतक्या दिवसांचं सगळं दिसायला लागलं. चांदवडची बाई, हरसूलची आजी, सगळ्या पाय मागे घ्यायच्या. सगळ्या हो म्हणायच्या. आमच्यात मोठ्या माणसाला नाही म्हणत नाहीत, आणि आपल्या पायाशी वाकलेल्या मोठ्या माणसाला तर नाहीच. त्या सगळ्यांचे पाय कागदावर नॉर्मल होते. आणि डोकं? डोक्यात तर आधीपासूनच काही नव्हतं. म्हणजे या बायकांचं काहीच गेलेलं नाही. कॅन्सर येऊन गेला आणि काही न नेता गेला.

मी सरांना सांगायला गेले. दोन वेळा दारापासूनच परत फिरले. मग सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"आता तू मला न्यूरोलॉजी शिकवणार?"

"नाही सर."

"पुढच्या सोमवारी बाहेरचे डॉक्टर येतायत. आईला घेऊन ये. आणि तुझं पत्र तयार करायला सांगितलंय मी."

त्याच आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरात मला फरशीवर लाल ठिपके दिसले. ठिपके ओट्यापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून अंगणापर्यंत गेले होते. आईच्या टाचेत हार ओवायची सुई होती. जवळजवळ अर्धी आत. तिच्यावरच पाय देत ती घरभर फिरत होती. मी सुई ओढून काढली तेव्हा तिने तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. वाकून बघितलं आणि म्हणाली, "कधी घुसली गं?"

तिच्या फाइलमध्ये लिहिलं होतं, संवेदना नॉर्मल. औषध लिहिलेलं नव्हतं. नॉर्मल पायाला कोण औषध देणार?

सोमवारी पाहुणे आले. आईने लग्नातली साडी नेसली होती आणि टाचेची पट्टी साडीखाली झाकली होती. सर इंग्रजीत बोलत होते. लो एज्युकेशन, हे मला कळलं. त्यांनी घड्याळाचा कागद दाखवला. कोणीतरी हलकं हसलं. आईही हसली. मग ईशा दोरा घेऊन वाकली. आईचा पाय मागे गेला.

"लागलं की हो म्हणा."

"हो."

माझ्या तोंडून निघालं, "नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "सर, दोरा अजून लागलेलाच नाही." मग मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. ईशाच्या हातातला दोरा माझ्या हातात होता आणि मी फरशीवर आईच्या पायाशी बसले होते. म्हणाले, "आई, आता मीच आहे. डोळे उघडू नको. लागलं तरच सांग."

माझ्या हातात पाय देताना तिने तो मागे घेतला नाही. मी अंगठ्याला दोरा टेकवला. ज्या अंगठ्याने तिने आमचं घर चालवलं, त्याच अंगठ्याला.

"लागलं?"

"नाय."

तळवा.

"नाय."

पट्टीच्या शेजारी, टाचेला. दोरा वाकेपर्यंत दाबला.

"नाय गं. कायच नाय लागत." तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. "मी तुला बोलले नाय. मला माझे पायच लागत नाय."

पाहुण्यांपैकी एकाने वहीत काहीतरी लिहिलं. सर शांतपणे म्हणाले, "नातेवाइकाने घेतलेली टेस्ट धरता येत नाही. आधीची नोंद आहे, ती राहील."

त्यांचा नियम खरा होता. मला तो माहीत होता. पण आईची नोंद खोटी होती, आणि तीच राहणार होती.

"मग तिचं नाव काढा," मी म्हणाले. "कधीही, कारण न देता. संमतीपत्रकात आहे, सर. मीच वाचून दाखवते."

"तुझं पत्र टेबलावर आहे. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

ते माझ्यावरून नजर काढून आईकडे वळले. आवाज मऊ केला. "मावशी, तुम्ही सांगा. आपल्याला अभ्यासात राहायचंय ना? हो ना?"

आईने पाय साडीत घेतले. हात जोडले. तिचा आवाज इतका बारीक होता की सरांना पुढे वाकावं लागलं.

"नाय, साहेब."

पत्र मिळालं नाही. ईशाने कोट परत मागितला, मी घडी करून दिला. आईचे पाय तसेच आहेत. तिची पुढची तपासणी त्याच इमारतीत आहे. दुसरीकडे जायची आमची सोय नाही. त्याच लिफ्टने जावं लागेल, सर भेटतील, आणि आई बहुतेक त्यांना नमस्कार करील. मी तिला अडवणार नाही. फक्त फाइल माझ्या हातात असेल, आणि पायांबद्दल विचारलं की उत्तर येईपर्यंत मी तिथून हलणार नाही.

रोज अंधार पडायच्या आत मी तिचे तळवे उजेडात धरून बघते. काटा, काच, सुई, काही घुसलंय का. तिला कळत नाही, म्हणून मला कळायला पाहिजे.

प्रवेशाचा फॉर्म मी पत्राशिवाय भरलाय. या वर्षी घेतलं नाही तर पुढच्या वर्षी भरीन. मला हेच शिकायचंय. आजार डोक्यातून आणि पायांतून काय काय नेतो, हे मी मोजणार आहे. बाईबरोबर जो कोणी पिशवी आणि चपला धरून भिंतीशी उभा असेल, त्याला आधी खुर्ची देईन आणि विचारीन, ही आधी कशी होती ते सांग. मग त्या बाईच्या पायाशी बसेन. डोळे मिटा म्हणायच्या आधी तिला नाही म्हणायला लावीन. माझ्याच तोंडावर, मोठ्याने, तिची भीड मोडेपर्यंत. तिचं 'नाही' मला ऐकू आल्याशिवाय तिचं 'हो' मी लिहून घेणार नाही.