बंदुकीला माझी हरकत आहे

रावेरच्या कचेरीत मी जमिनीच्या हक्कसोड पत्रावर सही केली, तेव्हा मला कोणी काही विचारलं नाही. आमच्याकडे बहिणीने सही करायची आणि भावाने त्या दिवशी तिला साडी घ्यायची, अशी रीतच आहे. मी सही केली, साडी घेतली आणि जळगावला परत आले. वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण केळीच्या बागेत उन्हातान्हात राबतो तो भाऊ, आणि मी जळगावच्या पिंप्राळ्यात पंख्याखाली झोपते. जमीन त्याची, हे मला पटलेलं होतं.

चूक त्याची पुढे झाली. त्याला वाटलं, अक्का जमिनीवर सही करते म्हणजे कशावरही करील.

पुढच्या आखाजीला मी माहेरी गेले. खानदेशात लेक दिवाळीला आली नाही तर चालतं, अक्षय्य तृतीयेला मात्र यावंच लागतं. जेवण चालू होतं, आमरसाची दुसरी वाटी भरली होती, आणि भावाने दिवाणाच्या गादीखालून टाइप केलेला एक कागद काढला. आमचे वडील, म्हणजे आबा, हक्कसोडीच्या आधीच गेले होते. त्यांची दुनळी बंदूक ते गेल्यापासून पोलीस ठाण्यात जमा होती. ती परत घरी आणायची तर परवाना भावाच्या नावावर व्हायला हवा होता. माय त्यांच्याही आधी गेलेली, वारस आम्ही दोघंच. म्हणून माझी ना हरकत लागत होती.

"इथी सही कर, अक्का. नाव टाकेल हाये तुह्यं."

मी कागद वाचला. 'माझी कोणतीही हरकत नाही' असं माझ्या वतीने कोणीतरी आधीच लिहून मोकळं झालं होतं.

"माझी हरकत आहे," मी म्हणाले.

तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करते. मग माझं तोंड बघितलं आणि त्याचा आवाज चढला. "एवढी जमीन सोडली तू, अन् या लोखंडाले अडली? आबाची बंदूक हाये ते! तिनं कोनाले काई केलं का कधी?"

त्याच वेळी भावजय उठली आणि ताटं उचलू लागली. वाट्यांमध्ये रस तसाच होता. तिचं ते उठणं माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. नसतं, तर मी कदाचित सही करून टाकली असती.

सांगते काय ते. आबांना परवाना मिळाला होता पीक संरक्षणासाठी. सातपुड्यातून रानडुकरं उतरायची आणि नुकतीच लावलेली केळी एका फेरीत आडवी करायची. आबांनी उभ्या आयुष्यात तीन-चार बार काढले असतील, तेही आभाळात. डुक्कर मारायचं त्यांच्या जिवावर येई. दसऱ्याला बंदुकीला हळदकुंकू लागायचं, झेंडूचा हार पडायचा, आणि एरवी ती मधल्या खोलीत खुंटीवर असायची. गावात सगळे त्यांना दबून असत. आबांनी मायवर कधी हात उगारला नाही, कोणावर बंदूक रोखली नाही. हे मी शपथेवर सांगेन.

पण आबांना राग आला की ते बंदूक पुसायला काढत. तोंडातून शब्द नाही. वर्तमानपत्र अंथरायचं, तेलाची बाटली काढायची, जुन्या धोतराचा बोळा करायचा. बंदूक बिजागरीवर मध्ये दुमडून नळ्या उजेडाकडे धरायच्या आणि एक डोळा मिटून आत बघायचं. मायने एकदा जेवताना विषय काढला होता की अक्काला जळगावला कॉलेजात घालू. आबा नाही म्हणाले नाहीत. उठले आणि त्यांनी खुंटीवरून बंदूक काढली. मायने ताटं उचलली, आणि कॉलेजचा विषय एक वर्ष त्या घरात पुन्हा निघाला नाही. शेवटी मामाने येऊन आबांना वळवलं म्हणून मी शिकले. ते वर्ष मी घरात तांदूळ निवडत बसले होते, आणि त्याचा राग मला आजही येतो.

बंदूक पुसणं चालू असलं की भाऊ आणि मी गोठ्यात जाऊन बसायचो. तो माझ्याहून लहान. माझा परकर मुठीत धरून बसायचा. म्हणूनच त्याने मला विचारावं, बंदुकीने कोणाला काय केलं, याची मला चीड आली.

आखाजीनंतर फोनवर फोन सुरू झाले. गावातही तेव्हा हाच विषय होता. एका सभेत कोणी पुढारी बोलून गेला होता की शेतकऱ्याला मागेल त्याला बंदूक द्या, आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्या चुलतभावांना एकदम शौर्य चढलं. कोणी म्हणे, अमेरिकेत घरोघरी असते. मी लिहिलं, तिकडचं बघूनच तर नको म्हणते. कोणी म्हणे, गुन्हे करणारे गावठी कट्टे वापरतात, परवाना असलेला शेतकरी साधा माणूस. मी लिहिलं, कट्टेवाल्यांना धरायलाच पाहिजे, पण आमच्या मायला कट्टेवाला कधी भेटलाच नव्हता. त्यावर मला ग्रुपमधून काढून टाकलं. बरंच झालं, रोज सकाळची फुलं बघायची सुटली.

डुकरांचा त्रास खोटा नाही. मी लेक केळीवाल्याची आहे, उकरलेले कंद मी डोळ्यांनी पाहिलेत आणि त्या वेळचं भावाचं तोंडही पाहिलंय. म्हणून मी त्याला फोनवर नीट सांगितलं, सौर कुंपण घाल, झटका बसला की डुक्कर मागे फिरतं, शेजाऱ्याने घातलंच आहे.

"कुंपन पाहून गावात कोनी मान देते का?" तो म्हणाला.

"मग हे डुकरांचं चाललंय की गावाचं?"

त्याने फोन ठेवला.

आमचे हे धुळ्याकडचे. भांडणात पडायचं नाही हा त्यांचा जन्माचा नेम. मी सगळं सांगितलं तर चहा ढवळत म्हणाले, "तुना भाऊ शे, तूच देख." मी म्हटलं, बघतेच.

भावाने माझ्या सहीविनाच अर्ज केला, आणि कलेक्टर कचेरीतल्या गृह शाखेतून मला म्हणणं मांडायला बोलावणं आलं. भाऊ आधीच येऊन बाकावर बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. साहेब सभ्य होते. त्यांनी विचारलं, "या बंदुकीने कधी कोणाला इजा झाली?"

"नाही."

"धमकी? काही तक्रार दिली होती कुठे?"

"नाही."

"मग मॅडम, हरकत कशाची?"

भाऊ माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, "साहेब, मी ठिबकच्या कारखान्यात पाइप तपासते. पाइप फुटला नाही म्हणजे आत दाब नव्हता, असं आम्ही कधी लिहीत नाही. आमच्या घरात गोळी सुटली नाही. पण आमची माय तीस वर्षं एकही वाक्य पूर्ण बोलली नाही. माझा भाऊ वाईट नाही. आमचे आबाही वाईट नव्हते. पण त्या घरात आता माझी भावजय राहते."

साहेब म्हणाले, असं कागदावर कसं घ्यायचं? मी म्हटलं, कागद द्या, मी घेते. दीड पान लिहिलं. भावाने ते वाचायला मागितलं नाही.

बाहेर जिन्यात तो मला म्हणाला, "तुह्यं माहेर संपलं आता."

"ते तुझ्या सहीने संपत नाही," मी म्हणाले आणि रिक्षा केली. रिक्षात बसल्यावर रडले, तेही सांगते. त्या वर्षी तो भाऊबिजेला आला नाही. मी ओवाळायचं ताट तयार ठेवलं होतं, संध्याकाळी ओट्याखाली सरकवलं. माहेर तुटल्याचं दुःख काय असतं हे मला कोणी शिकवू नये. पण दुसरा कागद आला असता तरी त्यावरही मी तेच लिहिलं असतं.

अर्जाचं काय झालं, मला कोणी कळवलं नाही. बंदूक ठाण्यातच राहिली एवढं कानावर आलं.

पुढच्या आखाजीला मला न्यायला कोणी आलं नाही. मी माझी एसटीत बसले, आंब्यांची पिशवी मांडीवर घेऊन. भाऊ दारातच उभा होता.

"कोनं बोलावलं तुले?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात आतून भावजयीचा आवाज आला. "मी बोलावलं." तिने काही बोलावलं नव्हतं. त्या वर्षात तिचा मला एक फोनही नव्हता.

"मले न इचारता?" भाऊ वळला.

"हो, न इचारता!" ती पिठाचे हात घेऊन बाहेर आली. "सोळा वर्सं इचारूनच करून राह्यली मी. आज नाही इचारलं. बोला, काय करता?"

तो ओरडला. ती त्याच्या वरताण ओरडली. माझ्यावरून निघालं, मग तिच्या माहेरावर गेलं, मग स्वयंपाकघरात पंखा नाही त्यावर, मग लेकीला नाशिकला शिकायला पाठवायचं की नाही त्यावर. शेजारीण डोकावली तरी तिचा आवाज खाली आला नाही. भाऊ मधल्या खोलीत रिकाम्या खुंटीपर्यंत दोनदा गेला, दोनदा हात हलवत परत आला, आणि पुन्हा भांडायला लागला. मी ओट्यावर आंब्यांची पिशवी घेऊन बसले होते. मध्ये पडावं असं मला एकदाही वाटलं नाही. त्या घरात जन्मले, वाढले, पण एक भांडण शेवटपर्यंत ऐकायला मिळालं ते त्या दुपारी पहिल्यांदा.