उशिरा हसणारे काका

कानवाल्या बाईंच्या दुकानात शिरणारा प्रत्येक जण आधी ओरडायचा. त्यात त्याचा दोष नव्हता. ज्याला ऐकू येत नाही त्याला वाटतं, सगळं जगच बहिरं आहे. बाई त्याला खुर्चीत बसवायच्या, कानात गुलाबी लगदा भरून साचा घ्यायच्या, मऊ भिंतींच्या खोलीत नेऊन कुठला आवाज पोचतो नि कुठला नाही याचा आलेख काढायच्या. मशीन तयार होऊन कानात बसलं की टीव्ही लावायच्या. टीव्हीवर कायम एकच मालिका: 'लिफ्ट बंद आहे'.

हसू नका. चाळीस वर्षांपूर्वीची ती विनोदी मालिका म्हणजे बाईंचं हत्यार होतं. तिच्यात जाडे आवाज होते, बारीक आवाज होते, जिन्यावरची पावलं होती, आणि खऱ्या प्रेक्षकांसमोर चित्रित केलेली असल्यामुळे दर दोन वाक्यांनी माणसं हसत होती. बाई पडद्याकडे बघायच्याच नाहीत, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायच्या. "सगळ्यांबरोबर हसलात तर मशीन बरोबर," त्या सांगायच्या. "सगळ्यांचं हसून झाल्यावर हसलात, तर ऐकलेलं नाही, दुसऱ्याचं तोंड बघून हसलात. मला फसवायचं नाही. चला, परत खुर्चीत."

आता खरं सांगायचं तर मशीन तपासायला बातम्यासुद्धा चालल्या असत्या. पण बाई त्या मालिकेपायी वेड्या होत्या, पार वेड्या. एका इमारतीतली लिफ्ट पहिल्या भागात बंद पडते ती शेवटपर्यंत दुरुस्त होत नाही आणि सगळे भाडेकरू जिन्यावर एकमेकांच्या अंगावर आदळत राहतात, एवढंच कथानक. पण काय माणसं होती हो त्यात! चौथ्या मजल्यावरची बाई करणारी नटी हातात दोन पिशव्या घेऊन यायची, लिफ्टपाशी थांबायची, तोंडातून शब्द काढायची नाही, नुसतं त्या बंद दाराकडे असं बघायची की बघणारा आडवा. आणि लिफ्टमन! बंद लिफ्टचा लिफ्टमन! टोपी घालून स्टुलावर बसलेला. कुणी विचारलं, बाबा रे तू इथं करतोस काय, तर सुस्कारा टाकून म्हणायचा, "ड्युटी आहे." हल्लीचे नट विनोद केला की स्वतःच आधी दात काढतात. याच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नसे. वाक्य कधी टाकायचं हे पुष्कळांना जमतं, कधी टाकायचं नाही हे त्या एकट्याला जमायचं, असं बाईंचं ठाम मत होतं, आणि त्यावर त्या कुणाशीही भांडायला तयार असायच्या.

तो थांबायचा त्याला एक कारणही होतं. उशिरा काका.

हे नाव बाईंनी आणि त्यांच्या धाकट्या भावानं लहानपणी ठेवलेलं. प्रेक्षकांत कुणीतरी एक जण होता. सगळं सभागृह हसून शांत झालं की अंधारातून त्याचं एकट्याचं हसणं यायचं. आधी "हं... हं..." असं परवानगी मागितल्यासारखं, मग "ह्या ह्या ह्या", आणि शेवटी उचकी लागावी तसं एक "हिक्". लिफ्टमनला ते कळून चुकलं होतं. पुढचं वाक्य तोंडात धरून तो टोपी सारखी करत बसायचा आणि "हिक्" झालं की मगच बोलायचा. घराघरांत लोक त्या "हिक्"ची वाट बघायचे. ही भावंडं तर श्वास रोखून बसायची आणि ते आलं की हसून हसून जमिनीवर लोळायची. कुठल्या भागात काका कुठे आणि कसे हसले, धाकट्याला सगळं तोंडपाठ होतं. एकदा झोपताना त्यानं विचारलं, "ताई, उशिरा काका घरीपण असेच हसत असतील का गं? त्यांच्या मुलांची किती मज्जा!"

बाईंना त्या न पाहिलेल्या मुलांचा हेवा वाटायचा. हेवा कसला, जळफळाट व्हायचा. कारण त्यांच्या स्वतःच्या घरात होते दगडोबा.

दगडोबा म्हणजे त्यांचे वडील. हेही नाव भावंडांनीच ठेवलं, अर्थात पाठीमागे. बाबा पत्र्याचे डबे करायच्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर होते. आई लवकर गेली आणि तिच्यामागे हा माणूस जणू मिटूनच गेला. हाक मारली तर ओ नाही. मुलगी वर्गात पहिली आली, हे म्हणाले, "हं." धाकटा जिन्यावरून गडगडत पडला, किंचाळून त्यानं इमारत डोक्यावर घेतली, आणि हे दाराच्या आत पाठमोरे बसून बूट पुसताहेत! त्याला शेजारणीनं उचललं. टीव्ही लागला की हे उठून गॅलरीत. गुरुवारी ओव्हरटाइम असायचा, तेवढीच एक संध्याकाळ पोरं मोकळा श्वास घ्यायची. बाप हसतो कसा, हे त्या दोघांना ठाऊकच नव्हतं.

म्हातारपणी ते बाईंकडे राहिले. बाईंनी लग्नाच्या भानगडीत कधी पाय घातला नाही, त्यामुळे ही जबाबदारी आपोआप त्यांच्या गळ्यात पडली. आणि आता त्या अगदी टेकीला आल्या होत्या. दिवसभर दुकानात घसा फोडायचा आणि घरी येऊन भिंतीशी बोलायचं! कान दाखवा म्हटलं की म्हातारा मान हलवून उठून जायचा. वयानं कान गेलेत आणि वर हट्ट, असं बाईंनी निदान करून टाकलं होतं. मग एका सकाळी नळ उघडा राहिला, मोरीतून पाणी धो धो वाहत घरभर झालं, आणि हे शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेले. बाईंचा पारा चढला. त्यांनी तिथल्या तिथे भावाला फोन लावला.

"घेऊन जा तुझ्या बापाला," त्या म्हणाल्या. "माझ्यानं नाही होत आता. आयुष्यात एक शब्द प्रेमाचा बोलला असता ना हा माणूस, तर मरेपर्यंत केलं असतं मी."

"रविवारी येतो गाडी घेऊन," धाकटा म्हणाला. "पण तेवढं मशीन बसवून दे, ताई. आमच्याकडे ओरडणार कोण?"

या वेळी म्हातारा मुकाट्यानं खुर्चीत बसला. आपल्याला घालवताहेत, हे कळलं असावं. बाईंनी साचा घेतला, आलेख काढला, आणि तो बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. वयानं गेलेला कान हळूहळू उतरणीला लागतो. हा आधी एका जागी खड्ड्यात कोसळला होता आणि मग घसरला होता. कारखान्यातल्या माणसांचा असाच असतो. पण ज्याला घराबाहेर काढायचंय त्याच्या कानाचा विचार कोण करत बसतो? बाईंनी कागद फाइलमध्ये सारला.

रविवारी दुपारी बॅग भरून दाराशी ठेवली होती. बाईंनी मशीनचा आवाज जुळवायला लॅपटॉपला वायर जोडली, बाबांच्या कानात मशीन बसवलं आणि सुरू केलं. बाबा दचकले. मान वर करून छताकडे बघायला लागले.

"काय करकरतंय?"

"पंखा."

"हा वाजतो?" ते म्हणाले, आणि पंख्याकडे बघतच राहिले.

बाईंनी सवयीनं टीव्ही लावला. नेहमीचाच भाग, त्यांचा लाडका. चौथ्या मजल्यावरची बाई पिशव्या घेऊन येते आणि लिफ्टमनवर डाफरते, मला आज लिफ्टनंच जायचंय. लिफ्टमन अदबीनं उठतो, तिला आत घेतो, जाळीचं दार धाडकन लावतो. बराच वेळ काहीच होत नाही. मग तो दार उघडतो आणि पुकारतो, "तळमजला!"

सभागृहात हशा फुटला. बाईंची नजर सवयीनं गिऱ्हाइकाच्या तोंडावर होती. त्या तोंडाच्या सुरकुत्या भलत्याच दिशेला निघाल्या, खांदे हलायला लागले, आणि सगळ्यांबरोबर, अगदी बरोबर वेळेवर, दगडोबा हसले.

"हं... हं... ह्या ह्या ह्या... हिक्."

टीव्हीतलं सभागृह शांत झालं. लिफ्टमननं टोपी सारखी केली. आणि अंधारातून आलं, "हं... हं... ह्या ह्या ह्या... हिक्."

तेच! तोच आवाज, तीच परवानगी, तीच उचकी. एक समोरच्या खुर्चीतून, एक चाळीस वर्षांपूर्वीच्या अंधारातून. बाईंच्या हातातून रिमोट पडला. दिवसभर माणसांचे आवाज तोलणारी बाई, पण आता स्वतःच्याच कानांवर विश्वास बसेना. त्यांनी रिमोट उचलला, प्रसंग मागे नेला, पुन्हा लावला. पुन्हा तेच. त्यांनी टीव्ही बंदच करून टाकला.

"बाबा," त्या म्हणाल्या. "हे... हे तुम्ही आधी पाहिलंय?"

"तिथंच बसायचो," बाबा म्हणाले. इतक्या सहज, जणू बस कुठे थांबते ते सांगताहेत. "खांबाच्या डाव्या बाजूला. गुरुवारी करायचे ते. आमच्या प्रेसवरचा एक जण पास आणायचा."

"गुरुवारी तुम्हाला ओव्हरटाइम असायचा!"

बाबा खाली बघायला लागले.

बाईंना आधी आला तो राग. असा संताप आला की समोरची बॅग उचलून फेकावीशी वाटली. "आई नसलेली दोन पोरं घरात टाकून तुम्ही तिथं हसायला जात होतात? आम्ही काय घोडं मारलं होतं तुमचं? घरी हसायला काय झालं होतं?"

बाबांनी मशीनवर हात ठेवला. बाईंना वाटलं, काढून टाकणार. पण त्यांनी ते नुसतं चाचपलं.

"तुम्ही दोघं हसायचात," ते म्हणाले. "कशाला ते मला कळायचं नाही. टीव्हीतली तोंडं एवढीएवढीशी, ओठ दिसायचे नाहीत. माझं हसू मागून आलं असतं आणि तुम्हाला लगेच कळलं असतं. तिथं माणसं समोर असायची, ओठ दिसायचे. नाही कळलं तर शेजारचा हसला की हसायचं. अंधार असतो तिथं. कुणाला पत्ता लागत नाही."

सगळ्यांचं हसून झाल्यावर हसलात, तर ऐकलेलं नाही. हे वाक्य बाईंनी आयुष्यभर गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं. त्यासाठी त्या लावायच्या ती मालिकाही हीच. तिच्यात दर भागात, दर विनोदाला, तो माणूस ओरडून सांगत होता की मला ऐकू येत नाही, आणि कानवाल्या बाई त्यावर पोट धरून हसत होत्या. अक्कल कुठे गहाण ठेवली होती? त्या बॅगेवर बसल्या.

"केव्हापासून?"

"तुझी आई होती तेव्हापासून. तिला ठाऊक होतं. ती तोंड समोर आणून बोलायची. प्रेसवर घंटी ऐकू यावी लागते, नाहीतर हात जातो. साहेबाला कळतं तर घरी बसवला असता. तुम्ही लहान. मग कुणालाच सांगायचं नाही, अशी सवय लागली."

ओ न देणारा बाप. पाठमोरा बसून बूट पुसणारा बाप. त्याच्या मागे जिन्यावर किंचाळणारा धाकटा. बाईंना एकेक आठवत गेलं. या माणसानं कधी तोंड फिरवलंच नव्हतं. आई गेल्यावर याच्या तोंडासमोर येऊन कुणी बोललंच नव्हतं.

बाई उठल्या, खुर्ची ओढून अगदी त्यांच्यासमोर बसल्या, गुडघ्याला गुडघा लावून. बाबा म्हणाले, "एक विचारू? तू एवढं पाहिलंयस म्हणून. एकदा तो टोपीवाला आमच्या बाजूला वळला. सगळे हसून गप्प झाले होते. त्यानं अंधारात बघून टोपीला हात लावला, सलाम ठोकला. आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. मीपण वाजवल्या. पण सलाम कुणाला ठोकला, ते काही मला कळलं नाही."

बाईंना तो सलाम ठाऊक होता. मालिका पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक होता. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तोंड समोर ठेवून, एकेक शब्द सुटा करून त्या म्हणाल्या, "तुम्हाला, बाबा. तुम्हाला ठोकला. तुमचं हसणं सगळ्यांना ऐकू जायचं. तो तुमच्यासाठी थांबायचा. घराघरांत लोक तुमच्यासाठी थांबायचे. आम्ही दोघं तुम्हाला उशिरा काका म्हणायचो."

बाबा बघत राहिले. तोंड उघडं, भुवया वर. पंखा करकरत होता. चाळीस वर्षं अंधारात लपून बसलेला माणूस, आणि त्याला आत्ता कळत होतं की त्याच्यावर सगळ्यांचं लक्ष होतं. बाईंना वाटलं, चुकलंच आपलं, सांगायला नको होतं. बाबांचे खांदे थरथरले. "हं," ते म्हणाले. "हं..."

मग ते हसायला लागले. असे हसले की खुर्ची कुरकुरली, डोळे मिटले, हात गुडघ्यावर आपटायला लागले. थांबले, लेकीच्या रडक्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा सुटले. "हिक्" झालं तरी संपेना, त्यावर दुसरं "हिक्" आलं.

जिन्यावर धावत्या पावलांचा आवाज झाला. धाकटा होता, गाडी लावून वर येत होता, आणि दाराबाहेरूनच ओरडत होता.

"ताई, उशिरा काका! अगं, पण हा कुठला भाग लावलायस? एवढं हसलेले मी कधी ऐकलेच नाहीत!"

दार ढकलून तो आत आला. समोर टीव्ही बंद होता.