यापाची बाटली

फाउस्तिनोसाहेब, बेनिग्नाची पळी अजून तुमच्याकडेच आहे. तुम्ही देवाघरी गेलात, हे कारण चालणार नाही. त्याआधी तुम्हाला भरपूर वेळ होता.

इथे निरोपाला जमलेल्या बाकीच्यांना आधी हा माणूस कळायला हवा. फाउस्तिनो कोचाबांबा नगरपालिकेत अन्न तपासनीस होता. खिशात स्वतःचा चमचा बाळगायचा. बारशाला गेला तरी आधी यजमानीणबाईंची नखं बघायचा. एकदा सासूच्या सूपमध्ये त्याने तापमापक बुडवला. तेव्हापासून रविवारच्या जेवणाचं बोलावणं बंद झालं, आणि त्याला ते बरंच वाटलं. बाजारात मात्र एका गोष्टीला त्याच्याने नाही म्हणवत नसे. यापाला. पैसे दिल्यावर वर थोडं फुकट घालतात, तो यापा. तो नाकारला की विकणारी बाई वर्षभर तोंड फिरवते.

बेनिग्ना सुकवलेल्या पीचचं गार सरबत विकायची. एका उन्हाळ्यात तिचा नमुना प्रयोगशाळेत नापास झाला. मग दुसराही. तिसरा बिघडला की गाडा बंद, आणि घरात कमावणारी ती एकटीच. फाउस्तिनो चक्रावला होता. सरबत त्याच्यासमोर खळखळून उकळलेलं, हात कोपरापर्यंत धुतलेले, मग घाण येते कुठून?

तिसऱ्या वेळी त्याने आपल्या निर्जंतुक पळीने बाटली भरली. बेनिग्नाने लगेच पेले विसळायच्या बादलीतली स्वतःची पळी उचलली, सरबतात बुडवली. साहेबांनीही सवयीने बाटली पुढे केली. सरबत आत पडलं, आणि त्याचा हात तिथेच थांबला.

"कासेरा," नेहमीच्या विकणारीला म्हणतात तशी त्याने हाक मारली, "हे दर वेळी घालता?"

"मग? नगरपालिकेला काय मापून देऊ? लोक म्हणतील, बेनिग्नाचा हात आखडला."

"अहो, ते कुणी पीत नाही."

"मग नेता कशाला?"

यापाशिवाय नमुना मिळणार नाही, असं सांगून ती हाताची घडी घालून उभी राहिली. आजूबाजूच्या बायकांनीही तिचीच बाजू घेतली. शेवटी साहेबांनी दोन नव्या बाटल्या काढल्या, एक नमुन्याची आणि एक यापाची. नमुना पास झाला. यापा असा नापास झाला, की प्रयोगशाळेतल्या मुलींनी फाउस्तिनोला इतकी वर्षं हे पिऊन जिवंत कसे, असं विचारलं.

गाडा वाचला, पळी जप्त झाली. ती बेनिग्नाच्या आईची होती. तपासून आणून देतो, असा शब्द देऊन त्याने तिला दोन खिळे ठोकायला लावले, एक नव्या पळीसाठी, एक जुनीसाठी. पळी बादलीत ठेवायची नाही, टांगायची.

जुन्या पळीचा दांडा जोडला होता तिथली फट कशानेच साफ होत नव्हती. ती परत मिळाली की बाई तीच वापरणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तसं सांगायची हिंमत मात्र झाली नाही. निवृत्त झाल्यावरही तो सरबत प्यायला यायचा, यापा घ्यायचा.

"पळी?" बेनिग्ना विचारायची.

"मंगळवारी," तो म्हणायचा, आणि पेला पुढे करायचा.

पळी प्रयोगशाळेच्या कपाटातच आहे. गाड्यावरचा दुसरा खिळा रिकामा आहे, आणि बेनिग्ना त्यावर दुसरं काही टांगू देत नाही.